एक विद्यार्थी, अनेक शास्त्रें

दहावीचा निकाल हातीं आला, कीं आमच्या जिल्ह्यांत घरोघरीं एकच प्रश्न विचारला जातो: कोणती शाखा घ्यावयाची? मुलगा अथवा मुलगी शास्त्रशाखेकडे जाणार असेल, तर तो प्रश्न अधिकच अरुंद होतो: गणिताचा गट घ्यावयाचा, कीं जीवशास्त्राचा? एकदां हें ठरलें, म्हणजे उरलेल्या विषयांचीं दारें लावून घेण्याची घाई सुरू होते. ज्यानें जीवशास्त्र घेतलें, त्यानें गणिताच्या वहीकडे पुन्हा पाहावयाचें नाहीं. ज्यानें गणित घेतलें, त्यानें झाडाचें पान हातीं धरावयाचें नाहीं. आणि भाषा व इतिहास हे विषय तर दोघांनींही केवळ उत्तीर्ण होण्यापुरते सहन करावयाचे! मग लातुरास खोली घ्यावयाची, शिकवणीवर्गाचें शुल्क भरावयाचें, आणि दिवसाची प्रत्येक घटका एका प्रवेशपरीक्षेसाठीं मोजून ठेवावयाची.

पालकांस आम्ही दोष देत नाहीं. ज्या जिल्ह्यांत दोन वर्षें पाऊस बरा झाला, तर तिसऱ्या वर्षीं तो दगा देईल कीं काय, ही धास्ती कायम असते, आणि जेथून हजारों कुटुंबें दरवर्षीं दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं घर सोडतात, तेथें मुलाच्या शिक्षणावर खर्चिलेला रुपया वायां जाऊं नये असें बापास वाटणें अगदीं स्वाभाविक आहे. परंतु एकाच दारावर सर्व आयुष्य टांगलें, आणि तें दार उघडलें नाहीं, तर अठराव्या वर्षीं मुलास ‘आतां सर्व संपलें’ असें वाटूं लागतें, हेंही आम्ही डोळ्यांनीं पाहत आहों. म्हणून या विषयीं चार शब्द लिहिणें आमचें कर्तव्य आहे असें आम्हांस वाटतें.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें: शास्त्राचा खरा अभ्यास एका विषयाच्या कुंपणांत राहत नाहीं. एका विषयांत मेहनतीनें कमावलेली पद्धति दुसऱ्या विषयाच्या कामीं लावणें, हें भटकणें नव्हे; तें शास्त्राचें नित्याचेंच कार्य होय. मात्र त्यास दोन अटी आहेत. पहिली पद्धति खरोखर कमावलेली असली पाहिजे, आणि दुसऱ्या विषयाचा जो स्वतःचा कष्ट असतो, तो चुकवितां कामा नये.

केवळ उपदेश केला तर विद्यार्थ्यांस तो कंटाळवाणा वाटेल. म्हणून आम्ही एका मराठी पुरुषाचें उदाहरण घेतों. प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजीं गोव्यांतील कोसबें या गांवीं झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे व बौद्ध वाङ्मयाचे थोर पंडित. ते अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत कामासाठीं गेले, तेव्हां लहानग्या दामोदरासही त्यांनीं सोबत नेलें. पुढें दामोदर त्याच विद्यापीठांतून सन १९२९ मध्यें पदवीधर झाले. मुख्य आवड गणिताची. पण त्याबरोबरच ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन इत्यादि भाषा त्यांनीं आत्मसात् केल्या. स्वदेशीं परत आल्यावर काशी येथील हिंदु विद्यापीठांत व नंतर अलीगड येथें त्यांनीं अध्यापन केलें, आणि सन १९३३ मध्यें ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत गणिताचे प्राध्यापक झाले.

येथपर्यंतची हकीकत एका हुशार गणितज्ञाची आहे. पुढें जें घडलें, तें आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्ष देऊन वाचावें. कोसंबींस संख्याशास्त्र शिकावयाचें होतें. आणि कोणतीही विद्या नुसत्या पुस्तकावरून न शिकतां एखादा खरा प्रश्न सोडवून शिकावी, असा त्यांचा स्वभाव होता. त्यांनीं प्रश्न निवडला तो नाण्यांचा. नाणें हातोहात फिरतांना झिजतें, हें कोणताही दुकानदार जाणतो. परंतु प्रत्येक नाण्याची झीज सारखी नसते. म्हणून एकट्या नाण्याच्या वजनावरून त्याचें वय सांगतां येत नाहीं. तेंच एका सालच्या शेंकडों नाण्यांचें वजन केलें, तर असें दिसतें कीं, वर्षागणिक त्यांचें सरासरी वजन एका नियमानें घटत जातें, आणि नाण्यानाण्यांतील तफावत वाढत जाते. कोसंबींनीं प्रथम त्या काळच्या चालू चलनांतील हजारों नाणीं काळजीपूर्वक तोलून हा नियम पडताळून पाहिला. चालू नाण्यांवर साल छापलेलें असल्यामुळें त्यांचें वय आधींच ठाऊक होतें. म्हणजे उत्तर माहीत असलेल्या उदाहरणावर त्यांनीं आपली रीति आधीं घासून घेतली.

नंतर त्यांनीं तक्षशिला येथें सांपडलेलीं चांदीचीं प्राचीन नाणीं हातीं घेतलीं. या नाण्यांस ‘आहत नाणीं’ म्हणतात. त्यांवर राजाचें नांव नाहीं, साल नाहीं. केवळ ठोकून उमटविलेलीं चिन्हें आहेत. कोणतीं आधींचीं व कोणतीं नंतरचीं, हें सांगावें कसें? जो प्रश्न इतिहासकारांस चिन्हांकडे पाहून सुटत नव्हता, त्यास गणिताच्या प्राध्यापकानें तराजूच्या साहाय्यानें हात घातला, आणि नाण्यांच्या गटांचा कालक्रम लावण्याचा एक मार्ग दाखविला.

आतां पुढचा प्रश्न उभा राहिला: क्रम लागला, पण हीं चिन्हें उमटविणारे राजे कोण? त्यासाठीं जुने ग्रंथ वाचणें प्राप्त झालें. ग्रंथ वाचावयाचे तर संस्कृताचा पाया पक्का हवा. म्हणून त्यांनीं भर्तृहरीच्या सुभाषितांचें काम अंगावर घेतलें. देशांतील ठिकठिकाणचीं शेंकडों हस्तलिखितें ताडून पाहून मूळचे श्लोक कोणते व मागाहून शिरलेले कोणते, याचा त्यांनीं निवाडा केला, आणि सन १९४८ मध्यें ती चिकित्सक आवृत्ति प्रसिद्ध झाली. ग्रंथ वाचतां वाचतां ते ज्या समाजांत निर्माण झाले त्या समाजाविषयीं जिज्ञासा उत्पन्न झाली. आणि समाज समजून घ्यावयाचा तर केवळ पोथ्या पुरत नाहींत, म्हणून ते पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, लेणीं, म्हसोबाचीं व देवींचीं ठाणीं पायीं हिंडले. तेथें त्यांनीं अश्मयुगांतील बारीक दगडी हत्यारें वेंचलीं, आणि गुराखी व शेतकरी यांच्याशीं त्यांच्या बोलींत बोलून जुन्या चालीरीति टिपून घेतल्या. याच मार्गानें जात त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा दाखविणारा सुप्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ सन १९५६ मध्यें बाहेर आला. तराजूपासून इतिहासापर्यंतचा हा क्रम त्यांनीं स्वतःच आपल्या एका लेखांत सांगितला आहे. यांत कोठेंही लहर नाहीं. एका प्रश्नाच्या उत्तरांतून दुसरा प्रश्न निघाला, आणि जिकडे प्रश्न गेला तिकडे विद्यार्थी गेला, इतकेंच.

याच काळांत त्यांनीं आणखी एक कार्य केलें, तें आमच्या शेतकरी पालकांस जवळचें वाटेल. प्राण्यांचे व वनस्पतींचे आनुवंशिक गुण ज्यांत सांठविलेले असतात, तीं जनुकें गुणसूत्रावर माळेंतील मण्यांप्रमाणें ओळीनें असतात. जवळचीं जनुकें बहुधा एकत्रच पुढच्या पिढींत जातात, आणि दूरचीं एकमेकांपासून सुटण्याचा संभव अधिक असतो. म्हणून तीं किती वेळां सुटतात हें मोजून त्यांमधील अंतर अजमावितां येतें. परंतु यांत एक अडचण आहे. अंतर मोठें असेल तर गुणसूत्रांची अदलाबदल दोनदां होऊन मूळचीच स्थिति परत येते, व हिशोब चुकतो. शिवाय एके ठिकाणीं अदलाबदल झाली, कीं लगतच दुसरी होण्यास अडथळा येतो. या सर्वांचा मेळ घालणारें एक सुटसुटीत सूत्र कोसंबींनीं सन १९४४ मध्यें प्रसिद्ध केलें. ते तेव्हां फर्ग्युसन महाविद्यालयांत गणित शिकवीत होते. आज पिकांच्या सुधारित वाणांसाठीं शास्त्रज्ञ जे जनुकांचे नकाशे तयार करतात, त्यांत ‘कोसंबी सूत्र’ जगभर वापरलें जातें. ज्यानें गणित घेतलें त्यानें झाडाचें पान हातीं धरूं नये, असा दंडक त्यांनीं पाळला असता, तर हें सूत्र त्यांच्या हातून झालें नसतें.

यावर सुज्ञ वाचक म्हणतील, “हें सर्व खरें, परंतु ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण काय उगाच पडली आहे?” आक्षेप योग्य आहे, व त्यास उत्तर देणें आम्ही टाळणार नाहीं. उलट कोसंबींच्याच चरित्रांतून त्या आक्षेपास बळ देणारी गोष्ट आम्ही सांगतों. सन १९४५ मध्यें डॉ. होमी भाभा यांनीं स्थापिलेल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत कोसंबी गेले. तेथें असतांना रीमान नांवाच्या जर्मन गणितज्ञाचें एक अतिशय अवघड अनुमान संभाव्यतेच्या मार्गानें सिद्ध करण्याचा त्यांनीं प्रयत्न केला. तो लेख सन १९५९ मध्यें कृषिविषयक संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकांत छापला गेला. गणितज्ञांनीं ती सिद्धता मान्य केली नाहीं. कोसंबींच्या कीर्तीस त्यामुळें धक्का बसला, आणि सन १९६२ मध्यें त्या संस्थेशीं असलेला त्यांचा संबंध संपला. जें हत्यार नाण्यांवर चाललें, तें प्रत्येक ठिकाणीं चालेलच असें नाहीं, हा याचा बोध होय.

तथापि या गोष्टीवरून ‘म्हणून एकाच विषयांत राहावें’ असा निष्कर्ष काढणें आम्हांस मान्य नाहीं. ज्या क्षेत्रांत कोसंबी यशस्वी झाले, तेथें त्यांनीं त्या क्षेत्राचे कष्ट उपसले होते: नाणीं स्वतः तोललीं, हस्तलिखितें स्वतः ताडलीं, टेकड्या स्वतः तुडविल्या. चिंध्या भाराभर असणें हा दोष नव्हे. आमच्या घरांतील आज्या त्यांचीच गोधडी शिवतात. दोष असतो तो दोरा नसण्याचा. ज्या विद्यार्थ्यानें चार विषयांचीं चार पुस्तकें चाळलीं, पण एकही गोष्ट मोजली नाहीं, तपासली नाहीं, कीं पूर्ण केली नाहीं, त्याच्यावर ती म्हण खुशाल लागू करावी. ज्यानें मोजण्याची, नोंदण्याची व पडताळण्याची संवय एका विषयांत अंगीं बाणविली, आणि तिच्या बळावर दुसऱ्या विषयाचें दार ठोठावलें, त्यास ती लागू पडत नाहीं.

डॉ. वसंत गोवारीकर यांचें उदाहरण याहूनही जवळच्या काळांतील आहे. सन १९३३ मध्यें पुण्यास जन्मलेले गोवारीकर रसायन-अभियांत्रिकी शिकले, इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें त्यांनीं संशोधन केलें, आणि पुढें डॉ. विक्रम साराभाई यांच्या सांगण्यावरून थुंब्यास येऊन अग्निबाणांच्या घन इंधनाचें काम उभें केलें. अग्निबाणाच्या इंधनाचा आणि बीडच्या पावसाचा काय संबंध? वरवर पाहतां कांहींच नाहीं. परंतु केंद्र सरकारच्या विज्ञानखात्याचे सचिव असतांना त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हिमालयावरील बर्फ, दूरच्या महासागराचें तापमान, निरनिराळ्या ठिकाणचा हवेचा दाब अशा १६ घटकांवरून मान्सूनचा अंदाज बांधण्याची पद्धति तयार केली, आणि सन १९८८ पासून हवामानखात्यानें ती वापरली. पुढें सन २००२ च्या अवर्षणांत ती फसली व बदलावी लागली, हेंही सांगितलें पाहिजे. शास्त्रांत अंदाज चुकणें ही लज्जेची गोष्ट नव्हे. चुकलेला अंदाज झांकून ठेवणें ही होय.

आतां आम्ही आपल्याच जिल्ह्याकडे वळतों. कारण आमच्या मतें या विषयाचें खरें महत्त्व येथेंच आहे. बीड शहराजवळची खजाना विहीर आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. सोळाव्या शतकांत, अहमदनगरच्या निजामशाहीच्या अमदानींत सलाबतखानानें बांधविलेल्या या विहिरींत भुयारी वाटांनीं पाणी येतें, आणि तसेंच भुयारी कालव्यानें तें खालच्या शेतांकडे जातें. मोट नाहीं, यंत्र नाहीं. केवळ जमिनीच्या उताराचा उपयोग करून घेतला आहे. ही विहीर कोणत्या विषयांत घालावयाची? बालाघाटाच्या काळ्या खडकांत पाणी कोठें मुरतें व कोठून झिरपतें, हा भूगर्भशास्त्राचा प्रश्न. उतार किती ठेवला म्हणजे पाणी वाहील पण भुयार खचणार नाहीं, हा गणिताचा. ती कोणी व कोणत्या खर्चानें बांधली, हा इतिहासाचा. आणि आपला जिल्हा सन १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत असल्यामुळें, अशा जुन्या गोष्टींचे कागद शोधूं लागलें तर उर्दू व मोडी वाचतां आली पाहिजे, हा भाषेचा. चार शिक्षक चार तासांत ही विहीर वाटून घेतील. पण पाणी कांहीं तासांप्रमाणें वाटून वाहत नाहीं!

सीताफळाचेंही तसेंच. बालाघाटाच्या माळावर कोणाच्या देखभालीवांचून वाढणाऱ्या बीडच्या सीताफळास सन २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. झाडावरून उतरविल्यावर तें दोन-तीन दिवसांतच पिकून नरम होतें, हें आपल्या बाजारांत टोपली घेऊन बसणारी बाई उत्तम जाणते. तें अधिक दिवस कसें टिकवावें, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा आहे, रसायनाचा आहे, आणि त्या बाईच्या मिळकतीचा हिशोब पाहणाऱ्या अर्थशास्त्राचाही आहे.

याहून गंभीर एक उदाहरण देणें आम्हांस आवश्यक वाटतें. ऊसतोडीस जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यांतील अनेक स्त्रियांचीं गर्भाशयें तरुण वयांतच शस्त्रक्रियेनें काढलीं गेल्याचें उघड झालें, आणि सन २०१९ मध्यें त्याच्या चौकशीसाठीं शासनास समिती नेमावी लागली. हा प्रश्न केवळ वैद्यकाचा मानला, तर शस्त्रक्रिया योग्य होती कीं अयोग्य, एवढेंच विचारलें जाईल. परंतु नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरण्याची पद्धति, आगाऊ घेतलेली उचल, एक दिवस काम चुकलें तर पडणारा ‘खाडा’, फडावर पाण्याची व आडोशाची उणीव, आणि ओझें वाहून शिणलेलें शरीर, हें सर्व एकत्र मांडल्यावांचून त्या दुखण्याचें कारण कळत नाहीं. नाडी पाहणारा, हिशोब मांडणारा, आणि त्या स्त्रीच्या शेजारीं बसून तिचें बोलणें ऐकणारा, अशा तिघांचें ज्ञान एकत्र आलें पाहिजे. आमच्या जिल्ह्यास डॉक्टर व इंजिनिअर हवे आहेत, याविषयीं वाद नाहीं. परंतु आपल्या विषयाच्या भिंतीपलीकडे पाहण्याची ज्यांस संवय आहे, असे डॉक्टर व इंजिनिअर हवे आहेत.

हें सर्व मोठेपणीं करावयाचें, असें विद्यार्थ्यांनीं समजूं नये. आरंभ आजच करतां येईल. कोसंबींचा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेंतील सूक्ष्म तराजूवर कोणासही करून पाहतां येण्याजोगा आहे. घरच्या गल्ल्यांतून अथवा ओळखीच्या दुकानदाराकडून एकाच किंमतीचीं शें-दोनशें नाणीं मागून आणावीं. नाण्यांचें वजन व धातु सरकार मधून मधून बदलीत असतें. म्हणून एकाच छापाचीं व एकाच धातूचीं तेवढीं निवडून सालवार ढीग करावे, प्रत्येक नाणें तोलावें, आणि सरासरी काढून आलेख मांडावा. पोलादी नाणीं चांदीपेक्षां फार कमी झिजतात; तेव्हां कदाचित् अपेक्षित उतार दिसणारही नाहीं. न दिसला तर तसेंच लिहून ठेवावें, व कारण शोधावें. ज्याला इतिहासाची आवड आहे त्यानें गणिताच्या सोबत्यास बरोबर घ्यावें; आणि काम संपल्यावर दोघांनीं मिळून शुद्ध मराठींत त्याचा वृत्तांत लिहावा. जो आपलें काम स्वच्छ भाषेंत सांगूं शकत नाहीं, त्यास तें पुरतें समजलेलें नाहीं, असें आमचें मत आहे.

पालकांस आमची विनंति एवढीच. परीक्षेची तयारी अवश्य करवावी. आम्हीही ती मनापासून करवून घेतों. परंतु शास्त्र घेतलेल्या मुलीच्या हातीं इतिहासाचें पुस्तक दिसलें, अथवा गणिताचा मुलगा बांधावर बसून मुंग्या मोजतांना आढळला, तर ‘हें परीक्षेस येणार आहे काय?’ असा प्रश्न लगेच विचारूं नये. सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें विषयांच्या भिंती सैल करण्याचें ठरविलें आहे. पण कागदावरची भिंत पडली, तरी घरांतली भिंत आपणच पाडावी लागेल. ज्या मुलास एकच वाट ठाऊक आहे, त्याची ती वाट बंद झाली म्हणजे तो बसून राहतो. ज्याला मोजावें कसें, शोधावें कसें व विचारावें कसें हें कळलें आहे, त्यास दुसरी वाट सांपडते; आणि एखादे वेळीं तीच त्याची खरी वाट ठरते.

प्रा. कोसंबी २९ जून १९६६ रोजीं पुण्यास निवर्तले. त्यांस गणितज्ञ म्हणावें कीं इतिहासकार, याचा निर्णय त्यांच्या मागून आलेल्या विद्वानांनीं करावा. आमच्या विद्यार्थ्यांनीं त्यांस ‘विद्यार्थी’ म्हणून ओळखावें, आणि सुट्टींत निदान शंभर नाणीं तोलून पाहावीं.